वाट सांगण्याचे शिक्षण

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



'मार्गदर्शन' हा शब्द सार्वजनिक जीवनात फार उदारपणे वापरला जातो. सभेची कार्यक्रमपत्रिका असो की शिबिराचे निमंत्रण, मार्गदर्शन करणारे वक्ते तिच्यात असतातच. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ वाट दाखविणे असा आहे, आणि तो अर्थ धरून पाहिले तर निराळेच चित्र दिसते. परगावच्या माणसाने फाट्यावर उभे राहून एखाद्या घराचा पत्ता विचारला, तर त्याला न चुकता त्या घरी पोचविणारे उत्तर किती जणांना देता येते? 'सरळ जा, पुढे गेल्यावर कोणालाही विचारा,' हे उत्तर गावोगाव ऐकू येते. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलाकडूनही बहुधा हेच मिळते. दहा वर्षे तो भाषा शिकलेला असतो. पावसाळ्यातील एक दिवस, फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, असे निबंध त्याने लिहिलेले असतात. शाळेपासून स्वतःच्या घरापर्यंतची वाट अनोळखी माणसाला कळेल अशा रीतीने सांगण्याचा प्रसंग मात्र त्याच्यावर वर्गात क्वचितच आलेला असतो.

ही उणीव वरवर किरकोळ वाटते. ती किती महाग पडू शकते, हे एका साध्या प्रसंगावरून ध्यानात येईल.

रात्री दोन वाजताचा फोन

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा चालू आहे. राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यातून केलेला फोन पुण्यातील केंद्रात घेतला जातो आणि तेथून जवळच्या रुग्णवाहिकेला निरोप जातो. समजा, रात्री दोनच्या सुमारास डोंगराकडेच्या एका वाडीत कोणाला साप चावला. घरात फोन करण्याइतके भान राखलेला एकच जण आहे, नववीत शिकणारा मुलगा. 'कुठून बोलता?' असे विचारताच तो सांगतो, 'वडगावहून.' 'कोणते वडगाव?' या प्रश्नाने तो गोंधळतो, कारण त्याच्या दृष्टीने वडगाव एकच आहे. घराची खूण विचारल्यावर तो म्हणतो, 'मारुतीच्या देवळामागे.'

मुलाने सांगितलेल्या गोष्टीत काहीही खोटे नाही. तरीही रुग्णवाहिकेच्या चालकाला त्यातून काही कळत नाही. मारुतीचे देऊळ नसलेले गाव महाराष्ट्रात शोधावे लागेल आणि वडगावे तर कितीतरी आहेत. पिंपळगाव म्हटले तर नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे, जळगाव जिल्ह्यात पिंपळगाव हरेश्वर आहे आणि बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव राजा आहे. बुद्रुक आणि खुर्द ही तर जोडगावेच. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. बोलताना गावकरी हे शेपूट सहज गाळतात आणि गाडी ओढ्यापलीकडच्या दुसऱ्याच गावात जाऊन उभी राहते. सर्पदंशाच्या रुग्णाला त्या अर्ध्या तासाची किंमत किती मोठी असते, हे सांगावयास नको.

मुलाची चूक एकच झाली. तो स्वतः उभा होता तेथून बोलला. ऐकणारा कोठे बसला आहे, त्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, याचा विचार त्याने केला नाही. वाट सांगण्याच्या शिक्षणाचे सारे सार एवढ्यात आहे. सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहावयाचे असते. ही केवळ भाषेची सफाई नव्हे. दुसऱ्याच्या अडचणीचा आधी विचार करण्याची ती सवय आहे, आणि म्हणूनच ती शाळेत लागली पाहिजे.

हातातील फोन नकाशावर जागा दाखवितो, मग हे शिकविण्याची गरज काय, असा प्रश्न आज विचारला जाईल. फोनची ही सोय मोठीच आहे. परंतु डोंगराळ भागात संपर्क तुटतो आणि नकाशावरील ठिपका वाहनाला फार तर रस्ता संपतो तेथपर्यंत आणून सोडतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत मोटाररस्ता नव्हता. मदत पथकांना पावसात पायवाटेने डोंगर चढून जावे लागले. अशा ठिकाणी वाहन थांबल्यानंतरची वाट माणसानेच माणसाला सांगावी लागते.

पत्त्यातील गोंधळाचा विचार देशपातळीवरही झालेला आहे. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ते लिहिण्याच्या अनेक लिप्या यांमुळे टपाल भलतीकडे जात असे. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. भाषेचा हा जाणकार शेवटी सहा अंकांकडे वळला, यात एक बोध आहे. पत्ता लिहिणाऱ्याला काय वाटते यापेक्षा पिशवीतील पत्रे निवडणाऱ्याला काय वाचता येते, हे त्यांनी महत्त्वाचे मानले.

उजवे कोणाचे, डावे कोणाचे?

दिशा सांगताना सर्वांत अधिक घोटाळा 'उजवीकडे' आणि 'डावीकडे' या शब्दांनी होतो. समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांची उजवी बाजू परस्परविरुद्ध असते. ज्याचे तोंड कोणीकडे आहे हे ठरलेले नाही, त्याला उजवीकडे वळण्यास सांगणे व्यर्थ होय.

पाटबंधारे खात्याने हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला आहे. नदीचा उजवा तीर आणि डावा तीर प्रवाह वाहतो त्या दिशेला तोंड करून ठरवावयाचा, असा संकेत आहे. त्यामुळे नीरा डावा कालवा म्हटले की नदीच्या उत्तरेकडील बारामतीचा भाग आणि नीरा उजवा कालवा म्हटले की दक्षिणेकडील फलटण, माळशिरसचा भाग, हे कोणीही कोठेही उभे राहून सांगू शकतो. सर्वांनी मनाने एकाच बाजूला तोंड केले की वाद उरत नाही. कालव्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या गावांतील शिक्षकांनी भूगोलाच्या पुस्तकाआधी हे उदाहरण घ्यावे.

आपल्या दिशांची नावेही अशाच एका संकेतातून आली आहेत. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला पुढची ती पूर्व आणि पाठीमागची ती पश्चिम; आणि दक्षिण या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळी उजवा असा आहे. मुलांना हे सांगितले की चार दिशा पाठ करण्याचे ओझे उतरते. मात्र एक दक्षता हवी. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या तारखांच्या सुमारासच. जून आणि डिसेंबरच्या अखेरीस महाराष्ट्रात तो पूर्वबिंदूपासून अनुक्रमे उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सुमारे २५ अंश सरकलेला असतो. 'सूर्य उगवतो ती पूर्व' हे वाक्य वर्गात लिहून देणाऱ्या शिक्षकाने मुलांना मैदानावर आणून वर्षभर सूर्योदयाच्या जागा टिपावयास लावल्या, तर एका वाक्यातील अपुरेपणा मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

खरी पूर्व-पश्चिम शोधण्याची जुनी रीत बिनखर्चाची आहे आणि ती कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेली आहे. ती येथे क्रमाने देण्याचे कारण असे की लेखी सूचना कशी असावी याचाही तो नमुना ठरेल. सपाट जमिनीवर सकाळी एक हातभर उंचीची सरळ काठी उभी रोवावी. काठीच्या बुडाशी दोरी धरून उंचीच्या दीडपट त्रिज्येचे वर्तुळ आखावे. सकाळी काठीची सावली वर्तुळाबाहेर असते आणि हळूहळू आखूड होते. सावलीचे टोक वर्तुळाला टेकताच तेथे खूण करावी. दुपारनंतर सावली लांबत जाऊन पुन्हा वर्तुळाला टेकते, तेथे दुसरी खूण करावी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम होय. सकाळची खूण पश्चिमेची, दुपारनंतरची पूर्वेची. ही रेषा शाळेच्या अंगणात कायमची आखून ठेवली, तर प्रत्येक मुलाला दिशा सांगण्यासाठी एक पक्के ठिकाण मिळेल.

ही कला घरचीच आहे

वाट आणि ठिकाण नेमके सांगण्याची परंपरा मराठी माणसाला परकी नाही. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. पूर्वेस अमुकाची जमीन, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस ओढा, उत्तरेस गावठाण, असे चारही बाजूंनी लिहिले की तो तुकडा दुसऱ्या कोणत्याही तुकड्यापासून वेगळा होतो. प्राचीन ताम्रपटांतही दान दिलेल्या जमिनीचे चार 'आघाट', म्हणजे सीमा, सांगितलेले आढळतात. महानुभाव पंथाच्या 'स्थानपोथी' या ग्रंथात श्रीचक्रधरस्वामींनी जेथे जेथे वास्तव्य केले त्या स्थानांची नोंद आहे आणि देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, स्थान त्याच्या कोणत्या बाजूला, असे तपशील तीत दिलेले आहेत. पुढच्या पिढीतील अनोळखी यात्रेकरूला ते स्थान सापडावे, ही त्यामागील कळकळ होती.

गावातील दवंडीही याच जातीची. दवंडी देणारा आधी वाद्य वाजवून लक्ष वेधीत असे. मग कोणी, कोठे, केव्हा आणि काय करावयाचे एवढेच तो मोजक्या शब्दांत सांगे, आणि पुढच्या चौकात तेच शब्द पुन्हा उच्चारी. त्याला व्याकरण येत नसेल. परंतु ऐकणारा कामात गुंतलेला आहे आणि एकदा सांगून भागत नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते. मुंबईच्या डबेवाल्यांची खूणही अशीच. डब्याच्या झाकणावरील अक्षरे, आकडे आणि रंग यांवरून प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाला त्याच्या कामापुरते कळते: कोणत्या स्थानकावर उतरवावयाचा, कोणत्या इमारतीत कोणत्या मजल्यावर द्यावयाचा. फार शिक्षण न झालेल्या माणसांनी उभारलेली ही लेखी सूचनेची पद्धत शिकलेल्यांनी अभ्यासण्याजोगी आहे.

शब्दांतील खड्डे

प्रत्येक भाषेत काही शब्द सूचनेच्या कामी दगा देतात. मराठीत 'परवा' हा त्यांतला पहिला. झालेला दिवसही परवा आणि येणारा दिवसही परवा. क्रियापद जवळ असेल तोवर अर्थ कळतो, पण 'परवाची बैठक' एवढाच निरोप पोचला तर बैठक झाली की व्हावयाची आहे, हे कळत नाही. 'उद्या' हा शब्द तोंडी ठीक. फलकावर लावलेल्या कागदावर त्याला काही अर्थ नाही, कारण तो कागद चार दिवसांनी वाचणाऱ्यालाही उद्याच सांगत राहतो. 'सरळ जा' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रस्त्याचे वळण असते, ते त्याला वळण वाटत नाही इतकेच. 'जवळच आहे' याचा अर्थ चालणाऱ्याच्या वयावर अवलंबून असतो.

खुणांचेही तसेच. 'जेथे म्हैस बांधलेली दिसेल' ही खूण संध्याकाळपर्यंत टिकत नाही. 'जुनी गिरणी होती तेथे वळा' किंवा 'पडलेल्या वडापाशी थांबा' या खुणा गावकऱ्याच्या आठवणीत असतात, परक्याच्या डोळ्यांना दिसत नाहीत. खूण अशी हवी की जी आज आहे, उद्या राहील आणि रात्रीच्या अंधारातही ओळखू येईल: पूल, पाण्याची टाकी, शाळेची इमारत, किलोमीटरचा दगड.

शासकीय आणि निमशासकीय लेखनातील खड्डा याहून खोल आहे. 'विहिरीत पावडर टाकण्यात यावी', 'योग्य ती दक्षता घेण्यात यावी', 'उचित कार्यवाही करण्यात यावी' या वाक्यांतून काम करणारा माणूस नाहीसा होतो. पावडर कोणी टाकावयाची, सरपंचाने, ग्रामसेवकाने की जलसुरक्षकाने? किती टाकावयाची आणि पाण्याची मोजणी कोणी करावयाची? टाकल्यानंतर किती वेळ पाणी भरू द्यावयाचे नाही? या प्रश्नांची उत्तरे वाक्यात नसली की प्रत्येक जण ते काम दुसऱ्याचे समजतो, आणि अतिसाराची साथ येते तेव्हा परिपत्रक मात्र फाइलीत जागेवर असते. मराठी राज्यकारभाराची भाषा व्हावी यासाठी १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला. त्या प्रयत्नांचे फळ पूर्णपणे पदरात पडावयाचे असेल, तर मराठीतील सूचना वाचून काम नेमके सुरू झाले पाहिजे.

चमचाभर मिठाचा प्रश्न

लेखी आणि तोंडी सूचनेवर जीव कसा अवलंबून असतो, याचे उदाहरण क्षारसंजीवनीचे आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यावयाचे द्रावण अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजण्यास शिकविले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. औषध प्रभावी होतेच; परंतु ते कसे पाजावयाचे हे अडाणी, भेदरलेल्या माणसालाही कळेल इतक्या सोप्या शब्दांत सांगता आले, हेही त्या यशाचे कारण होते.

आज हे पाकीट प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशा कार्यकर्तीकडे मिळते. शासकीय केंद्रांत सामान्यतः मिळणारे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. बाजारात लहान पाकिटेही असतात, ती २०० मिलिलिटरसाठी. 'पाकीट पाण्यात टाकून पाजा' एवढेच सांगितले तर एखादी आई मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालवील आणि ते द्रावण बाळाला अपायकारक ठरेल. पाकीट नसेल तर घरी करावयाच्या द्रावणाचे प्रमाण एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ असे आहे. यांतील 'सपाट' हा शब्द गाळला की शीग भरलेला चमचा पडतो आणि मीठ प्रमाणाबाहेर जाते. चमचा चहाचा की जेवणाचा, हेही सांगावे लागते, तो चहाचा. एका विशेषणावर एवढा भार असतो, हे मुलांना समजावून देण्यास याहून चांगला पाठ मिळणार नाही.

दुसरे उदाहरण शेतातील. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. त्याची कारणे अनेक होती. पण फवारणीची औषधे वापरणाऱ्यापर्यंत धोक्याची सूचना त्याला कळेल अशा रूपात पोचली पाहिजे, हा धडा त्यातून निघतो. डब्यावरील रंगीत त्रिकोण विषाची तीव्रता दाखवितो: लाल सर्वांत घातक, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. माहितीपत्रक मात्र बारीक अक्षरांत आणि अवघड भाषेत असते. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला असे एक पत्रक देऊन, 'हे घरच्या बोलीत पाच वाक्यांत लिही,' असे सांगावे. वर्गात पत्रक आणावे, डबा कधीही आणू नये. अशा लेखनात धोक्याचा इशारा कृतीच्या आधी आला पाहिजे, ही शिस्त मुलांना लावावी. 'फवारणी करा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करू नका,' असे लिहिले तर दुसरे वाक्य वाचेपर्यंत औषध अंगावर आलेले असते.

वर्गात काय करता येईल

या शिक्षणासाठी वेगळा तास किंवा वेगळे पुस्तक लागत नाही. भाषा, परिसर अभ्यास, गणित आणि कार्यानुभव यांच्या तासांतच ते बसते.

पहिली-दुसरीत सारे तोंडी असावे. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ सूचना लक्ष देऊन ऐकण्याचा उत्तम पाठ आहे. काही दिवसांनी सूचना देण्याचे काम मुलांकडे सोपवावे, म्हणजे चुकीच्या सूचनेने होणारी गंमत त्यांची त्यांनाच दिसते.

तिसरी-चौथीत दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवावे. एकाने पाटीवर घर आणि झाड काढावे आणि नुसत्या शब्दांनी दुसऱ्याकडून तसेच चित्र काढून घ्यावे. शेवटी दोन्ही पाट्या शेजारी ठेवल्या की वर्ग हसतो आणि 'वर', 'बाजूला', 'मोठे' हे शब्द किती अपुरे होते, हे न सांगता कळते. याच वयात शाळेपासून घरापर्यंतची वाट मुलांना प्रत्यक्ष चालावयास लावावी, पावले मोजावयास लावावीत आणि मग तिचा साधा नकाशा काढून घ्यावा.

पाचवी ते सातवीत लेखी सूचनेला आरंभ व्हावा. पोह्यांचे उदाहरण सोपे आहे. 'पोहे भिजवा' असे मुलाने लिहिले की शिक्षकांनी मूठभर पोहे वाटीभर पाण्यात टाकून तसेच ठेवावेत. थोड्या वेळाने त्याचा लगदा होतो. मग पोहे चाळणीत घ्यावेत, वरून पाणी घालून धुवावेत, पाणी निथळू द्यावे, हे टप्पे मुले स्वतःहून सांगू लागतात. जे आईच्या हाताला ठाऊक असते ते कागदावर आपोआप उतरत नाही, ही जाणीव त्यातून होते.

वाट सांगताना पुढील क्रम मुलांच्या अंगवळणी पाडावा. प्रथम निघण्याची जागा आणि तोंड कोणीकडे, हे सांगावे. मग अंतर आकड्यांत सांगावे. वळण खुणेसह सांगावे. वाट चुकल्याची खूणही सांगावी: 'पूल लागला तर पुढे गेलात असे समजा.' शेवटी घराची खूण सांगून, ऐकणाऱ्याकडून सारे एकदा परत वदवून घ्यावे. ही परतफेड सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

आठवीपासून पुढे मुलांनी गावासाठी लिहावे. पुढील फलक कोणत्याही गावात दिसेल असा आहे: 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, उद्या पाणीपुरवठा खंडित राहील, तरी योग्य ती दक्षता घ्यावी.' तोच मजकूर विद्यार्थ्यांनी असा लिहावा: 'जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे बुधवार, दिनांक १२ जून रोजी सकाळी ६ पासून गुरुवार, दिनांक १३ जून रोजी सकाळी ६ पर्यंत वरच्या आळीतील नळांना पाणी येणार नाही. खालच्या आळीत नेहमीप्रमाणे येईल. वरच्या आळीतील कुटुंबांनी मंगळवारी सायंकाळी पाणी भरून ठेवावे. गुरुवारी पहिले पाणी गढूळ आल्यास ते पिण्यासाठी भरू नये.' दुसरा मजकूर लांब आहे, हे खरे. पण पहिला वाचून ग्रामपंचायतीत विचारावयास यावे लागते आणि दुसरा वाचून घरी जाऊन हंडे भरता येतात.

अडचणी आणि त्यांची उत्तरे

अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, परीक्षेत यास गुण नाहीत, एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात, या तक्रारी खोट्या नाहीत. तथापि बहुवर्ग शाळा या कामास उलट सोयीची आहे. चौथीच्या मुलाने दुसरीच्या मुलाला सूचना द्यावी, यासारखा दुसरा सराव नाही, कारण लहान मूल ऐकल्याप्रमाणेच वागते. तपासणीचा भारही वाढत नाही. लिहिलेल्या सूचनेप्रमाणे दुसऱ्या विद्यार्थ्याने काम करून पाहावे. तो मुक्कामी पोचला तर उत्तर बरोबर, भलतीकडे गेला तर सांगणाऱ्याने पुन्हा लिहावे. ऐकणारा चुकला तर दोष बहुधा सांगणाऱ्याचा, हा दंडक वर्गात पाळला गेला पाहिजे आणि शिक्षकांनी तो स्वतःलाही लावून घेतला पाहिजे.

बोलीचा प्रश्न नाजूक आहे. उगवतीकडे, मावळतीकडे, वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, जेवणाचा हात, हे शब्द घेऊन मूल शाळेत येते. वारली, भिल्ल किंवा कोरकू मुलांची तर घरची भाषाच वेगळी असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले काम १९५७ मध्ये कोसबाडला नेले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. रानातील मुलाला वाटा, पाणवठे आणि दिशा पुस्तकाआधीच ठाऊक असतात. त्याचे शब्द चुकीचे ठरवून पुसून टाकले तर तो गप्प बसेल. गावातल्या माणसाला 'उगवतीकडे' आणि पुण्याहून बोलणाऱ्याला 'पूर्वेकडे', असे दोन्ही शब्द त्याच्यापाशी असावेत. ऐकणारा पाहून शब्द निवडणे हाच तर या शिक्षणाचा हेतू आहे.

ग्रामपंचायतीलाही यात वाटा उचलता येईल. घरांचे क्रमांक दिसतील असे लावणे, वाड्यांच्या फाट्यावर नावाचा फलक उभारणे, या गोष्टी खर्चाच्या नाहीत. मुलांनी पावले मोजून केलेला गावाचा नकाशा शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यावा. गावाचे पूर्ण नाव, बुद्रुक की खुर्द, तालुका, जिल्हा, पिनकोड, मुख्य रस्त्यावरील फाटा आणि तेथून अंतर, एवढी सहा गोष्टींची पट्टी प्रत्येक घरात फोनजवळ चिकटवलेली असावी, आणि ती त्या घरच्या मुलाने लिहिलेली असावी.

असे झाले तर त्या रात्री दोन वाजता तोच मुलगा निराळे बोलेल. गावाचे पूर्ण नाव सांगून तो तालुका आणि जिल्हा सांगेल. 'फाट्यावरून आत तीन किलोमीटर. डाव्या हाताला पाण्याची टाकी लागेल, तेथे गाडी थांबवा. पुढे पायवाट आहे. टाकीपाशी माझा भाऊ विजेरी घेऊन उभा राहील,' असे सांगून तो फोन ठेवण्यापूर्वी विचारील, 'मी सांगितलेले एकदा म्हणून दाखवाल का?' या शेवटच्या प्रश्नासाठी गुणपत्रिकेत रकाना नाही. टाकीपाशी येऊन थांबलेली गाडी हाच त्याचा निकाल.